‘काही नाही’ किती वर्षं टिकतं?

१७ सप्टेंबर २०२५ रोजी पंतप्रधानांनी आमच्या माळव्यातून, धार जिल्ह्यातून, ‘स्वस्थ नारी, सशक्त परिवार’ अभियान सुरू केलं. २ ऑक्टोबरपर्यंत देशभर शिबिरं झाली. रक्तदाब, साखर, रक्तक्षय, क्षय आणि सिकल सेल यांच्या जोडीला गर्भाशयमुखाच्या कर्करोगाची तपासणीही त्यात होती. अशा शिबिरातून बाहेर पडणाऱ्या बहुतेक बायकांना एकच उत्तर मिळतं : काही नाही, जा घरी. बाई पदर सावरते, सुटकेचा श्वास टाकते, आणि घरी गेल्यावर तो विषय संपतो.

मला त्या ‘काही नाही’विषयीच लिहायचं आहे. कोणत्या तपासणीने ते सांगितलं, आणि ते किती वर्षं खरं राहणार आहे? गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या तपासण्यांची तुलना करताना आपण नेहमी विचारतो की कोणती तपासणी रोग जास्त पकडते. धान्य चाळताना वर काय राहिलं हे सगळ्यांना दिसतं. खाली काय गळून गेलं ते मुद्दाम वाकून पाहावं लागतं. तपासणीची खरी किंमत मला त्या गळून गेलेल्यांत दिसते, आणि हे कळायला आधाराची जागा आपल्या मराठी मुलखातच आहे, बार्शीला आणि धाराशिवला.

आधी रोगाची चाल पाहू. हा कर्करोग ह्यूमन पॅपिलोमा व्हायरस, म्हणजे एचपीव्ही, या विषाणूमुळे होतो. हॅराल्ड त्सुर हाउझेन या जर्मन शास्त्रज्ञाला हा संबंध दाखवल्याबद्दल २००८ सालचं नोबेल मिळालं. विषाणू शरीरसंबंधातून येतो आणि अतिशय सर्रास आढळतो. बहुतेक बायकांच्या शरीरातून तो वर्षा-दोन वर्षांत आपोआप नाहीसा होतो, त्यांना कधी पत्ताही लागत नाही. थोड्या जणींत मात्र तो ठाण मांडतो. मग गर्भपिशवीच्या तोंडावरच्या पेशी बदलू लागतात, आणि त्या बदलाचा कर्करोग व्हायला साधारण दहा ते वीस वर्षं लागतात. इतकी सवड देणारे कर्करोग फार थोडे. तरी २०२२ च्या जागतिक अंदाजानुसार भारतात त्या एका वर्षात सुमारे १ लाख २७ हजार बायकांना हा रोग झाला आणि जवळजवळ ८० हजार बायका त्याने गेल्या. सवड होती, ती वापरली गेली नाही, असाच या आकड्यांचा अर्थ आहे.

ही सवड वापरण्याच्या तीन रीती आहेत. सगळ्यांत जुनी पॅप तपासणी. योनिमार्गात स्पेक्युलम घालून गर्भाशयमुखावरच्या पेशी खरवडून घ्यायच्या, काचेवर पसरायच्या आणि प्रयोगशाळेत सूक्ष्मदर्शकाखाली पाहायच्या. जॉर्ज पापानिकोलाऊ यांचं यावरचं पुस्तक १९४३ चं. या तपासणीला पेशी ओळखणारा तयार डोळा लागतो, आणि तसे डोळे खेड्यापासून फार लांब असतात.

दुसरी व्हिनेगरची तपासणी, म्हणजे व्हीआयए. हिच्याकडे जरा जवळून पाहू, कारण आपल्याकडच्या सरकारी केंद्रांत बहुतेक वेळा हीच होते. बाई टेबलावर आडवी असते, दिवा पायांच्या बाजूने आत वळवलेला असतो. नर्स स्पेक्युलम बसवते. चिमट्यात कापसाचा बोळा धरून तो चार-पाच टक्के ॲसेटिक ॲसिडमध्ये बुडवते आणि गर्भाशयमुखावर लावून ठेवते. मग मिनिटभर थांबायचं. गुलाबी, ओलसर पृष्ठभाग निरोगी असेल तर गुलाबीच राहतो. पेशी बदललेल्या असतील तर तिथलं प्रथिन आम्लाने साकळतं आणि ठळक कडांचा पांढरा डाग उमटतो. नर्स तो नुसत्या डोळ्यांनी पाहते आणि तिथल्या तिथे निकाल सांगते. प्रयोगशाळा नको, की पुन्हा फेरी नको. सोय असेल तर डाग त्याच दिवशी गोठवून किंवा उष्णतेने जाळून टाकताही येतो. अडचण अशी की डाग सुजेमुळेही पांढरा दिसू शकतो आणि दोन नर्सना तो दोन तऱ्हांनी दिसू शकतो. शिवाय पाळी जाण्याच्या वयात ज्या पट्ट्यात बदल सुरू होतो तो पट्टाच आत सरकतो आणि डोळ्याला दिसेनासा होतो.

तिसरी एचपीव्ही तपासणी. यात लहानशा ब्रशने स्राव घेतात आणि त्यात विषाणूच्या घातक प्रकारांचा डीएनए आहे का ते यंत्र सांगतं. यंत्राचा डोळा थकत नाही. पण ही तपासणी महाग, उत्तर बहुधा त्याच दिवशी मिळत नाही, आणि विषाणू सापडला म्हणजे रोग आहे असं ठरत नाही.

आता बार्शी. सोलापूर जिल्ह्यातल्या या गावात नर्गिस दत्त स्मृती कर्करोग रुग्णालय आहे. डॉ. भगवान नेने यांनी तिथे मुंबईच्या टाटा स्मारक केंद्राच्या साथीने काम उभं केलं. १९८७ साली तिथे देशातली पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी सुरू झाली : बार्शी, परंडा आणि भूम तालुक्यांतली ३४६ गावं. नोंदणीची माणसं रुग्णालयात कागद भरत बसली नाहीत, ती गावोगाव जाऊन बोलत राहिली. कस्तुरी जयंत आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९५ मध्ये दाखवून दिलं की नुसत्या त्या बोलण्याने बायका रोगाच्या आधीच्या टप्प्यात दवाखान्यात येऊ लागल्या. औषध नाही, यंत्र नाही, नुसती माहिती. हे काम मला पुढच्या मोठ्या प्रयोगाइतकंच मोलाचं वाटतं, आणि त्याची आठवण आपण फार कमी काढतो.

त्याच पायावर ऑक्टोबर १९९९ मध्ये तेव्हाच्या उस्मानाबाद, आताच्या धाराशिव जिल्ह्यात प्रयोग सुरू झाला. बार्शीचं रुग्णालय, टाटा स्मारक केंद्र आणि फ्रान्समधल्या लियाँची आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्था असे तिघे मिळून. रंगास्वामी शंकरनारायणन, नेने, शास्त्री, जयंत, केतायून दिनशॉ ही त्यातली नावं. गावांचे ५२ गट केले आणि चिठ्ठ्या टाकाव्यात तसे चार भागांत वाटले. एका भागात व्हिनेगर, दुसऱ्यात पॅप, तिसऱ्यात एचपीव्ही. चौथ्यात नेहमीची आरोग्यसेवा, म्हणजे तपासणी नाहीच. तीस ते एकोणसाठ वयाच्या १ लाख ३१ हजार ७४६ बायका होत्या. तपासणी एकदाच. बोलावलेल्यांपैकी सुमारे ऐंशी टक्के बायका आल्या, हे त्या गावांत आधी झालेल्या कामाचं फळ.

२००५ मध्ये पहिले निकाल आले. व्हिनेगरने शंभरातल्या १४ बायकांना संशयित ठरवलं, पॅपने ७ जणींना, एचपीव्हीने १० जणींना. त्यांची पुढची तपासणी झाल्यावर कर्करोगाच्या वाटेवरचे खरे गंभीर बदल किती जणींत निघाले? हजारी हिशोब केला तर व्हिनेगरच्या भागात ७, पॅपच्या १०, एचपीव्हीच्या ९. म्हणजे जवळपास सारखंच. त्याच वर्षी मुंबईच्या एका अभ्यासात ४,०३९ बायकांच्या एकाच वेळी सगळ्या तपासण्या करून पाहिल्या, तेव्हाही चित्र तेच. गंभीर बदल असलेल्या शंभरातल्या ५७ जणींना पॅपने ओळखलं, ६० जणींना व्हिनेगरने, ६२ जणींना एचपीव्हीने. एवढ्यावर कुणीही म्हणालं असतं की मग महाग यंत्र कशाला? बोळा, व्हिनेगर आणि दिवा पुरेसा आहे. तसं म्हणणं तेव्हा चुकीचंही नव्हतं.

पण बार्शीकर आठ वर्षं थांबले. नोंदणी होतीच, कोणत्या गावातली कोणती बाई कशाने गेली ते कळत होतं. २००९ साली ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये निकाल छापून आला. तपासणी न झालेल्या भागात या कर्करोगाने ६४ बायका गेल्या होत्या. व्हिनेगरच्या भागात ५६, पॅपच्या भागात ५४. हे फरक योगायोगानेही पडू शकतील इतके लहान. एचपीव्हीच्या भागात ३४. चारही भाग जवळपास सारख्याच संख्येचे, म्हणजे मृत्यू निम्म्यावर आले. रोग सापडलेल्या बायकांची संख्या मात्र एचपीव्हीच्या भागात कमी नव्हती : तिथे १२७, तपासणी न झालेल्या भागात ११८. फरक होता तो टप्प्याचा. पुढच्या टप्प्यात गेलेला रोग एकीकडे ३९ जणींत, दुसरीकडे ८२ जणींत.

पहिल्या दिवशी सारख्याच वाटणाऱ्या तीन तपासण्यांत आठ वर्षांनी एवढं अंतर का पडलं? उत्तर सापडतं ते ज्यांना ‘काही नाही’ म्हणून घरी पाठवलं त्यांच्याकडे पाहिल्यावर. त्यांच्यात नंतर कर्करोग किती झाला? वर्षाला लाखामागे, पॅपने नाही म्हटलेल्यांत १५.५, व्हिनेगरने नाही म्हटलेल्यांत १६, आणि एचपीव्हीने नाही म्हटलेल्यांत ३.७. चौपटीहून जास्त फरक. मला या संपूर्ण प्रयोगातला हाच आकडा सगळ्यांत बोलका वाटतो.

कारण समजायला अवघड नाही. पॅप आणि व्हिनेगर आज पेशींची काय अवस्था आहे ते पाहतात. आज बदल नसेल, किंवा असूनही खरवडीत आला नसेल, पट्टा आत सरकल्याने दिसला नसेल, तर उत्तर ‘नाही’. पण विषाणू आत असेल तर तो बदल पुढच्या वर्षी, चार वर्षांनी होऊ शकतो. एचपीव्ही तपासणी एक पायरी मागे जाऊन मूळ कारणच आहे का ते विचारते. कारण नसेल तर रोगाला सुरुवातच झालेली नाही, आणि उद्या विषाणू आला तरी पुढे वर्षानुवर्षांची सवड आहे. शिवाय सापडलेले सगळे बदल सारख्या धोक्याचे नसतात. त्यातले काही आपोआप बरे होतात. त्यामुळे हजारात सात सापडले की नऊ, या मोजणीला जेवढं वजन आपण देतो तेवढं तिला नाही.

मग व्हिनेगरचा निकाल लागला का? नाही, आणि इथे घाई करणारे पुष्कळ आहेत. डॉ. सुरेंद्र शास्त्री यांच्या नेतृत्वाखाली टाटा रुग्णालयाने १९९८ पासून मुंबईच्या झोपडपट्ट्यांत दीड लाखाहून अधिक बायकांमध्ये दुसरा प्रयोग केला. तपासणाऱ्या होत्या दहावीपर्यंत शिकलेल्या, काही आठवड्यांचं प्रशिक्षण घेतलेल्या वस्तीतल्या बायका. साधन तेच, व्हिनेगर. मात्र तपासणी दर दोन वर्षांनी, चार वेळा. मृत्यू ३१ टक्क्यांनी घटले. त्याच्या आधी, २००७ मध्ये, तमिळनाडूतल्या दिंडिगल जिल्ह्यातून आणखी चांगली बातमी आली होती : नर्सनी एकदाच केलेल्या व्हिनेगर तपासणीने मृत्यू ३५ टक्के कमी. तिथे डाग दिसताच उपचार करण्याची व्यवस्था चोख होती. पाश्चात्त्य देशांनीही या कर्करोगाला आवर घातला तो पॅपनेच, दर तीन-पाच वर्षांनी पुन्हा पुन्हा बोलावून. म्हणजे कमी टिकाऊ ‘नाही’सुद्धा जीव वाचवतं, पण ते वारंवार विचारावं लागतं, आणि ‘हो’ आलं तर उपचार हाताशी लागतात.

प्रश्न आता धार-देवासच्या जमिनीवर आणून ठेवू. इथल्या पवारांच्या राजधान्या, देवासच्या थोरल्या आणि धाकट्या पात्या, कुमार गंधर्वांचं घर, एवढ्यावर मराठी माणसाची या दोन गावांची ओळख बहुधा थांबते. पण धार जिल्ह्याचा मोठा भाग भिल्ल-भिलाल्यांचा आहे. कुक्षी, गंधवानीकडची माणसं मजुरीला गुजरातेत जातात, भगोरियाला आणि होळीला गावी येतात, पुन्हा जातात. देवासमध्येही बागलीकडच्या गावांची गत वेगळी नाही. दोन वर्षांनी परत या असं ज्या बाईला सांगायचं, ती दोन वर्षांनी कुठल्या बांधकामावर असेल कुणास ठाऊक. ती एकदाच येणार आहे, असं धरूनच तपासणी निवडली पाहिजे. एकदाच येणाऱ्या बाईला जास्तीत जास्त वर्षं टिकणारं ‘नाही’ द्यायला हवं, असं माझं ठाम मत आहे.

आमच्या मराठी घरांतल्या आत्या-काकूंची अडचण निराळी. त्या इंदूरला तासाभरात पोचतात, पैसेही असतात. पण अंगावरून जाण्याबद्दल बोलायचं नाही ही शिकवण हाडीमाशी भिनलेली असते. त्यात एचपीव्ही शरीरसंबंधातून येतो हे कळलं की तोंड आणखीच मिटतं. म्हणून हे स्पष्ट सांगितलं पाहिजे की हा विषाणू वीस वर्षांपूर्वी आलेला असू शकतो, आणि तो सापडण्यावरून बाईच्या किंवा नवऱ्याच्या चारित्र्याचा कसलाही निवाडा होत नाही.

‘हो’ या उत्तराचंही बोलायला हवं. एचपीव्ही असलेल्या दहा जणींपैकी नऊ जणींना आज कसलाही गंभीर बदल नसतो. त्यांना पुढची तपासणी हवी, धीर हवा, ऑपरेशन नको. ज्या ठिकाणी हे समजावणारं कुणी नाही तिथे कर्करोगाची भीती घालून गर्भपिशवी काढून टाकणारे असतातच. २०१९ मध्ये बीडच्या ऊसतोड कामगार बायकांच्या पिशव्या काढल्याचं प्रकरण विधिमंडळात गाजलं आणि नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमावी लागली. तपासणी चांगली असून भागत नाही. तिच्या मागे प्रामाणिक डॉक्टर उभा लागतो.

बार्शीच्या प्रयोगाबद्दल एक जड गोष्टही आहे. तपासणी न झालेल्या भागात गेलेल्या त्या ६४ बायका. अमेरिकी पॅथॉलॉजिस्ट एरिक सुबा यांनी २०१४ मध्ये ‘इंडियन जर्नल ऑफ मेडिकल एथिक्स’मध्ये मुंबई, उस्मानाबाद आणि दिंडिगल या तिन्ही प्रयोगांवर हाच आक्षेप घेतला : तपासणी जीव वाचवते हे जगाला ठाऊक असताना हजारो बायकांना तिच्याविना का ठेवलं? तिन्ही ठिकाणचे मिळून असे मृत्यू २५४ होते. संशोधकांचं उत्तर असं की देशात तेव्हा तपासणीची सोय नव्हतीच, त्यामुळे त्या बायकांना नेहमीपेक्षा कमी काही मिळालं नाही. ते वस्तुस्थितीला धरून आहे, पण माझं समाधान होत नाही. खेड्यातल्या बाईला नेहमी काहीच मिळत नाही, हा तिला पुढेही काही न देण्याचा आधार कसा होईल? आणि तरीही, त्या चौथ्या भागाशी ताडून पाहिलं म्हणूनच एचपीव्हीची ताकद निर्विवाद सिद्ध झाली. ज्ञानाची किंमत त्या बायकांनी चुकवली आहे, तेव्हा ते न वापरणं हा दुसरा अन्याय.

वापर कुठवर आला? जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ च्या मार्गदर्शिकेत एचपीव्ही तपासणीलाच पहिली पसंती दिली : तिशीपासून, दर पाच ते दहा वर्षांनी. २०३० पर्यंत सत्तर टक्के बायकांची पस्तिशीत एकदा आणि पंचेचाळिशीत एकदा अशी उत्तम दर्जाची तपासणी व्हावी हे तिचं उद्दिष्ट आहे. भारताची २०१६ ची आखणी तीस ते पासष्ट वयाच्या बायकांची दर पाच वर्षांनी व्हिनेगर तपासणी करण्याची. ती कागदावर. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत तीस ते एकोणपन्नास वयाच्या शंभर बायकांत जेमतेम दोघींनी आयुष्यात कधीतरी ही तपासणी झाल्याचं सांगितलं. उस्मानाबादच्या निकालावर जगाने धोरण आखलं, आणि आपल्या शंभरातल्या अठ्ठ्याण्णव बायकांपर्यंत कोणतीच तपासणी पोचलेली नाही.

अडचणी मात्र पूर्वीइतक्या राहिलेल्या नाहीत. एचपीव्हीसाठीचा स्राव बाई स्वतः ब्रशने घेऊ शकते. आडोसा पुरतो, टेबलावर पडण्याचा संकोच टळतो. गोव्याच्या मोलबायो कंपनीची ट्रूनॅट यंत्रं क्षयाच्या तपासणीसाठी सरकारी केंद्रांत पोचलेली आहेत, आणि त्याच यंत्रावर चालणारी एचपीव्हीची तपासणी आता उपलब्ध आहे. व्हिनेगरही टाकून द्यायचं नाही. विषाणू सापडलेल्या बाईत डाग कुठे आहे, तो जागेवरच जाळता येईल का, हे पाहायला तेच उपयोगी पडतं.

मध्य प्रदेश सरकारला माझी मागणी साधी आहे. धारमधून अभियान सुरू झालं, तर धार आणि देवासमधल्या प्रत्येक बाईला पस्तिशीला आणि पंचेचाळिशीला एचपीव्ही तपासणी मिळण्याची सुरुवातही इथूनच व्हावी, आणि जिच्यात विषाणू सापडेल तिला शोधून उपचारापर्यंत नेण्याची जबाबदारी आशा कार्यकर्तीच्या एकटीच्या गळ्यात न घालता तिला गाडी आणि मानधन द्यावं.

वाचकांना सांगणं एवढंच. पाळी गेल्यावर रक्त दिसलं, संबंधानंतर रक्त गेलं, घाण वासाचं पाणी जात राहिलं, तर शिबिराची वाट पाहू नका, थेट डॉक्टरकडे जा. आणि घरातल्या तिशी ओलांडलेल्या बाईची तपासणी झालेली असेल तर तिचा कागद काढून पाहा : त्यावर व्हीआयए लिहिलंय, पॅप लिहिलंय की एचपीव्ही, आणि तारीख कोणत्या वर्षाची आहे. कागद नसेल, तर या महिन्यात तिला घेऊन जा.